हिरड्याचा भाव

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या डोंगरी भागात, महादेव कोळी घरांमध्ये रोख पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये. भात पिकतं, पण ते बहुतेक घरी खायला. नाचणी-वरीचंही तसंच. हातात नोटा पडतात त्या हिरड्याच्या. झाडावरची कोवळी, आठळी न धरलेली फळं काढायची, उन्हात काळी कुळकुळीत होईपर्यंत वाळवायची आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर घालायची. हा बाळहिरडा. तेच फळ झाडावर राहू दिलं तर हिवाळ्यात पिकतं, पिवळट-तपकिरी, कंगोरेदार आणि टणक होतं. तो मोठा हिरडा. कोवळं काढायचं की पिकू द्यायचं, या एका प्रश्नात त्या डोंगरातल्या माणसांचं पोट आणि त्या झाडाचं पुढचं शतक, दोन्ही अडकलेलं आहे.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात या प्रश्नाच्या दोन बाजू एकाच जिन्याच्या खाली-वर राहतात. तळमजल्यावर वैद्यकाकांचा दवाखाना. सत्तरी ओलांडली तरी चूर्णं आणि काढे ते स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतात. माडीवर कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींत एक आहे डिंभे धरणाच्या वरच्या खोऱ्यातली. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळा मेस आणि संध्याकाळी घटकाभर काकांचा ओटा. मी शेजारी राहते. हंगाम उरकून ती जूनमध्ये परत आली तेव्हा काकांसाठी डबाभर बाळहिरडा घेऊन आली. त्या डब्यावरून सुरू झालेला वाद पुढे पावसाळाभर चालला. तो इथे एकत्र मांडते आहे. मधूनमधून माझंही मत येईल, कारण दोघांचंही ऐकून घेऊन गप्प बसणं मला जमलेलं नाही.

वैद्यकाका : वाळवला उत्तम आहेस. गुटीला असाच लागतो. अजूनही नातवंड झालं की माणसं माझ्याकडे येतात, हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ घेऊन जातात आणि सहाणेवर दोन-दोन वळसे उगाळतात. पण पोरी, राग धरू नकोस, तुम्ही लोक हिरड्याला मोठं होऊच देत नाही. त्रिफळा चूर्णाला भरलेलं फळ लागतं. चांगल्या हिरड्याची खूण भावप्रकाशात दिली आहे : नवा, गुळगुळीत, गोल, जड आणि पाण्यात टाकल्यावर बुडणारा. हे बघ.

त्यांनी तांब्याभर पाण्यात दोन मोठे हिरडे टाकले. एक सरळ तळाला गेला, दुसरा तरंगत राहिला. तरंगणारा उचलून त्यांनी बत्त्याने फोडला. आत पोखरलेलं होतं, साल आठळीपासून सुटली होती आणि बोटाला लागला तो नुसता भुसा.

वैद्यकाका : बाजारातून दहा किलो मोठा हिरडा आणला तर त्यातला बराच असा निघतो. चांगलं फळ मागायला गेलो तर व्यापारी म्हणतो, आता सगळे बाळहिरडाच काढतात. औषध माझ्या हातात आहे, पण औषधाचं मूळ माझ्या हातात नाही.

ती : तुमचा तांब्या बरोबर आहे काका. पण आमच्याकडे येणारा व्यापारी तांब्या घेऊन येत नाही, काटा घेऊन येतो. बाळहिरड्याला जो भाव मिळतो त्याच्या कितीतरी पट कमी मोठ्या हिरड्याला. मोठ्यात निम्मं वजन आठळीचं, म्हणून तो दर पाडतो. शिवाय डिसेंबरपर्यंत फळ झाडावर ठेवायचं म्हणजे पावसाचे चार महिने काढायचे. वाऱ्याने गळतं, कीड लागते, वानरं खातात. मेमध्ये हातात असलेला पैसा डिसेंबरच्या भरवशावर झाडावर टांगून कोण ठेवेल?

वैद्यकाका : मेमध्येच का हवा पैसा?

ती : कारण जूनमध्ये पेरणी असते. बियाणं, खत, शाळेच्या वह्या, कौलं परतणं, लग्नात केलेली उसनवारी, सगळं त्या एका महिन्यावर येऊन बसतं. हिरडा नसला तर माणसं नारायणगावला जातात. तिथे पहाटे मजूर उभे असतात, बागायतदार येतो, माणसं निवडतो, गाडीत घालून टोमॅटोच्या शेतावर नेतो. माझे आईवडील काही वर्षं तिथे उभे राहिलेत. हिरडा चांगला झाला की तेवढे दिवस नारायणगाव चुकतं.

वैद्यकाका : काढता कसा? झोडता का?

ती : खालच्या फांद्या हाताने. वरच्या काठीने. पण काठी सगळीकडे पोचत नाही, मग चढावंच लागतं. आई चढते. हिरड्याचं लाकूड मजबूत असतं, पण शेंड्याच्या फांद्यांना पायाचा भार सोसत नाही. दरवर्षी खोऱ्यात कुणीतरी पडतं. कंबर मोडली तर त्याला अपघात म्हणून कुठे काही मिळत नाही. मग खाली पडलेली फळं वेचायची, पोत्यात भरायची, डोक्यावरून घरी आणायची आणि कातळावर पसरायची. सकाळ-संध्याकाळ हाताने उलथायची. दुपारनंतर डोंगरावर ढग दिसला की सगळं घर धावतं. वळवाच्या एका सरीने माल भिजला की बुरशी धरते, मग व्यापारी त्याला डागी म्हणतो. आणि ही बघा बोटं. महिना झाला, अजून जात नाही.

नखांच्या कडा आणि बोटांची पेरं काळपट होती. हिरड्यात टॅनिन असतं आणि विळ्याच्या, कोयत्याच्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की काळा रंग तयार होतो. तो कातडीत मुरतो. हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करायची ती याच गुणावर. कातडी कमावायला आणि कापडावर रंग पक्का बसवायलाही हाच गुण कामाला आला.

वैद्यकाका : आणि त्याच गुणाने एकदा घात केला, हेही लक्षात घे. इंग्रजांच्या काळात मुंबईहून जहाजं भरभरून हिरडा विलायतेला जायचा, तिथल्या चामड्याच्या कारखान्यांसाठी. ज्या बंदरावरून किंवा मुलखातून माल येई त्यावरून प्रतवारीची नावं पडली होती. जबलपूरची एक, आंध्रातल्या भिमुनिपट्टणमची एक आणि आपल्या वेंगुर्ल्याचीही एक. पुढे क्रोमियमने कातडी कमावायला लागले, झटपट आणि स्वस्त. हिरड्याची ती मागणी ओसरली. उद्या तुमच्या बाळहिरड्याचंही तसंच झालं तर? कुठल्या तरी दूरच्या कारखान्याने कृती बदलली की तुझ्या आईचा मे महिना गेला. म्हणून म्हणतो, रानच्या झाडावर संसार टांगू नये. लागवड करा. चांगल्या झाडांची कलमं बांधा, बांधावर लावा, वेळेवर पिकवा, प्रतवारी करा. आवळ्याचं नाही का झालं? कृष्णा, कांचन, चकैया... बागा उभ्या राहिल्या.

ती : आवळ्याचं झालं, म्हणूनच मला भीती वाटते. बागा कुणाच्या झाल्या? ज्यांच्याकडे पाणी, कुंपण आणि चार-पाच वर्षं थांबायला भांडवल होतं त्यांच्या. आमच्या रानातला आवळा बारीक, तुरट. बागेतल्या टपोऱ्या फळापुढे त्याला कोण विचारतं? हिरड्याची कलमं निघाली तर ती तळेघरला लागणार नाहीत, मंचरच्या पुढे बागायतीत लागतील. बियापासून झाड केलं तर फळायला आठ-दहा वर्षं. आमच्यातल्या कुणाची तेवढी वाट बघायची ऐपत आहे?

वैद्यकाका : पण त्यामुळे रानावरचा ताण तर कमी होईल.

ती : ताण कमी होईल आणि रानाचा धनीही. काका, तुम्ही कायदा बघा, माझ्या अभ्यासातच आहे. २००२ चा जैवविविधता कायदा म्हणतो की रानातलं औषधी द्रव्य घेऊन जो नफा कमावतो त्याने त्या लाभातला वाटा द्यावा. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की देशी कंपन्यांनाही यातून सुटका नाही. मग २०२३ ची दुरुस्ती आली. तिच्यात लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना मोकळीक दिली. नोंदणीकृत वैद्यांनाही दिली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तुम्ही वर्षाला किती हिरडा वापरणार? पण सगळा हिरडा बागेतला झाला तर वाटा मागायला आम्ही उरतच नाही. कायदा आम्हाला ओळखतो तो झाड रानात आहे तोवर.

या मुद्द्यावर काका गप्प झाले, आणि मीही. लागवड हा शब्द शहरात फार निरुपद्रवी वाटतो. झाडं लावायची, त्यात वाईट काय? पण ज्या झाडावर कुणाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे ते झाड दुसऱ्याच्या कुंपणात लावलं की हात रिकामा होतो. मला तिचं म्हणणं पटलं. तरीही काकांच्या मनात जी खरी काळजी होती ती लागवडीची नव्हतीच, हे दोन दिवसांनी कळलं.

वैद्यकाका : मी तरुणपणी भीमाशंकराकडे वनस्पती ओळखायला जायचो. त्या काळात आघारकर संशोधन संस्थेतले डॉ. वा. द. वर्तक आणि त्यांच्याबरोबर माधव गाडगीळ देवराया धुंडाळत होते. त्यांच्यामुळे आम्हा पुण्यातल्या मंडळींनाही त्या बाजूची गोडी लागली. आहुप्याच्या देवराईत तेव्हा हिरड्याची म्हातारी झाडं होती आणि खाली बारकी रोपंही होती. आता कुणाला विचारलं तर सांगतात, झाडं आहेत, रोपं दिसत नाहीत. का दिसावीत? फळाला आठळी धरायच्या आत तुम्ही ते काढता. आठळी नाही तर रोप नाही. आणि हिरड्याची आठळी आधीच हट्टी, रुजायला किती वेळ घेते. वर गुरं आणि वणवा. आज जी झाडं तुम्ही झोडता ती तुझ्या पणजोबांच्या आधीची. त्यांच्या जागी उद्या कोण उभं राहणार?

ती : ती आज उभी आहेत ती कशामुळे, ते आधी सांगते. डिंभे धरणाचं काम चालू होतं तेव्हा रस्ते वर आले आणि रस्त्यामागून कोळशाचे ठेकेदार आले. माझे आजोबा सांगायचे, त्या वेळी हिरड्याला धड भाव नव्हता. माणसांनी मालकीतली झाडं मातीमोलाने विकली. हिरड्याचं लाकूड जड, त्याचा कोळसा चांगला. शंभर-शंभर वर्षांची झाडं भट्टीत गेली. आमच्या आजोबांनीही दोन दिली. पुढे बाळहिरड्याला भाव आला आणि तोड थांबली. वनखात्याचा शिपाई उभा राहून थांबली नाही. आज भाताच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटतात, पण हिरड्याला कुऱ्हाड कुणी लावत नाही. एखाद्याने लावली तर घरातली बाईच त्याला फैलावर घेईल. तुम्ही म्हणता झाडावर पोट टांगू नये. पण आमचं पोट त्याच्यावर आहे म्हणूनच ते झाड वाचलं.

माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. रानातलं झाड राखायचं म्हणजे माणसांना त्यापासून दूर ठेवायचं, अशी आपल्याकडची समजूत फार जुनी आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं ते शेकरूसाठी आणि जंगलासाठी. ते व्हायलाच हवं होतं. पण २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अभयारण्यांतून वनोपज बाहेर काढण्यावर बंदी आली तेव्हा त्या झाडांना आपलं म्हणणाऱ्या माणसांचं काय, याचा विचार झाला नाही. तो झाला २००६ च्या वनहक्क कायद्यात. त्यात गौण वनउपजाची मालकी आणि ती गोळा करून विकण्याचा हक्क तिथल्या वनवासी समाजाला मिळाला. कागदावर ती फार मोठी गोष्ट आहे. ज्याच्या मालकीचं झाड आहे तोच त्याच्या म्हातारपणाचा विचार करतो. पण भाव नसेल तर मालकी असूनही झाड भट्टीत जातं, हे तिच्या आजोबांच्या दोन झाडांनी दाखवलंच आहे. आणि भाव असला तरी तो नवं झाड उगवत नाही, हे काकांचं म्हणणंही तितकंच खरं. भावाने उभं झाड वाचतं. रोपासाठी वेगळं काहीतरी करावं लागतं.

वैद्यकाका : सरकार खरेदी करत नाही का? आदिवासी विकास महामंडळ आहे ना?

ती : आहे. १९७२ पासून आहे. १९७६ च्या कायद्याने एकाधिकार खरेदीही आली, व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सोडवायला. २०१३-१४ पासून केंद्राने गौण वनउपजासाठी आधारभूत किंमत आणली, त्या यादीत हिरडा आहे. पण खरेदी केंद्र वेळेवर उघडलं तर उपयोग. माल वाळला की तो घरात ठेवायला जागा नसते आणि पाऊस दारात असतो. व्यापारी मात्र दर मेमध्ये येतो, रोख घेऊन येतो. अडीनडीला फेब्रुवारीतच उचल देतो. ज्याची उचल घेतली त्यालाच माल घालायचा, भाव तो सांगेल तो. मी त्याला शिव्या देणार नाही. आजारपणात मध्यरात्री दार वाजवलं तर पैसे त्याच्याकडेच मिळतात. पण भाव तोच ठरवतो, आणि त्याला तो वरून कुणीतरी फोनवर सांगतं.

वैद्यकाका : २०२० मध्ये फार हाल झाले म्हणे.

ती : त्या वर्षाचं काय सांगू? मार्चपासून टाळेबंदी. ऐन हंगामात व्यापारी आले नाहीत, आले त्यांनी भाव पाडला. माल घरात पडून. आणि ३ जूनला निसर्ग वादळ. ते किनाऱ्याला लागलं श्रीवर्धनकडे, पण घाट चढून आमच्यापर्यंत आलं. झाडं मोडल्याचे आवाज येत होते. वारा पडल्यावर पाहिलं तर बांधावरचा आमचा सगळ्यात मोठा हिरडा मुळासकट आडवा. आई त्याच्या बुंध्यावर बसून होती, बोलेना. पंचनामे झाले. पुढे घोडं अडलं ते हिरड्याला पीक म्हणायचं की झाड, यावर. भाताला रकाना असतो, बाजरीला असतो. आपोआप उगवून शंभर वर्षं फळ देणाऱ्या झाडाला रकाना नाही. भरपाईसाठी किसान सभेबरोबर आमच्या लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, वर्षामागून वर्षं.

वैद्यकाका : एक विचारू? तू इथे स्पर्धा परीक्षेला बसतेस ती हिरड्यातून सुटण्यासाठीच ना? मग त्याची बाजू एवढी का लढवतेस?

ती : माझ्या पहिल्या वर्षाची खोलीची अनामत आणि पुस्तकं हिरड्याच्या पैशातली आहेत. नोकरी लागावी असं मला वाटतं, आणि लागली की आईने झाडावर चढू नये असंही वाटतं. पण माझ्यासारख्या किती जणी लागणार? पेरूगेटपासून शास्त्री रोडपर्यंत अभ्यासिकांत जितकी पोरं बसलीत त्यांतली मूठभर. बाकीची परत जाणार. परत गेल्यावर त्यांच्यासाठी काय असेल? नारायणगावचा नाका किंवा हिरडा. हिरडा जास्त दिवस, जास्त चांगल्या भावाने असावा, एवढंच माझं मागणं आहे.

वैद्यकाका : शहापूरकडे कातकरी पोरांनी गुळवेल थेट औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली, ते मी वाचलं होतं. आणि पुण्यातलीच ती संस्था, अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन, त्यांनी सह्याद्रीत हिरडा-बेहड्यासाठी फेअरवाइल्ड प्रमाणपत्राची पद्धत आणली. त्यात नियम असतात. किती फळ काढायचं, किती झाडावर सोडायचं, काढणाऱ्याला भाव किती मिळाला याची नोंद. बेहड्याची जुनी झाडं तर तोडायचीच नाहीत, कारण त्यांच्या ढोलीत महाधनेश घरटं करतो. परदेशी चहा-काढ्याच्या कंपन्या त्या मालाला जास्त पैसे देतात.

ती : ऐकलंय. चांगलं आहे. पण ते काही गावांत पोचलं, बाकीच्यांत नाही. आणि परदेशातला गिऱ्हाईक माझ्या आईला भाव देणार, इथला का नाही? सदाशिव पेठेत घरटी एक त्रिफळ्याची बाटली असेल. तुम्ही ती बाटली उघडून वास घेता, पाण्यात टाकून फळ तपासता, पण ते कुणी काढलं, हे कधी विचारलंत?

वैद्यकाका : नाही विचारलं. माझ्या गुरूंनी मला द्रव्य ओळखायला शिकवलं, द्रव्य कुठून येतं तेही सांगितलं. देश, ऋतू, भूमी, सगळं ग्रंथात आहे. काढणाऱ्या बाईचा उल्लेख ग्रंथात नाही आणि मीही केला नाही. पण आता मी तुला उलट विचारतो. मी मोठ्या हिरड्याला बाळहिरड्याच्या तोडीचा पैसा दिला, तर तुम्ही फांदी राखाल?

ती : तुम्ही किती घ्याल?

वैद्यकाका : मला वर्षाला चाळीस-पन्नास किलो पुरे. पेठेतले आणखी सात-आठ वैद्य ओळखीचे आहेत, माझ्यासारखे स्वतः चूर्ण करणारे. मिळून चारशे किलो धर.

ती : चारशे किलोने खोरं चालत नाही काका.

वैद्यकाका : खोरं चालणार नाही. पण चारशे किलो मोठ्या हिरड्यासाठी काही झाडांवरची फळं डिसेंबरपर्यंत थांबतील, त्यातली काही गळतील, आणि गळलेल्यांतली काही रुजतील. मला रोप हवं आहे. तुला भाव हवा आहे. हे दोन्ही एका फांदीवर बसू शकतं की नाही, एवढंच मला बघायचं आहे. कारखान्यांनी काय करायचं ते त्यांनी करावं.

मला इथे काकांचं कौतुक वाटलं. चारशे किलोने बाजार हलत नाही हे त्यांना पुरतं माहीत होतं. पण आजवर मोठा हिरडा मिळत नाही म्हणून व्यापाऱ्याला बोल लावणारा माणूस आता तो तयार होण्यातला आपला हिस्सा उचलायला निघाला होता. पुण्यातल्या वैद्यांनी, चूर्णाच्या दुकानांनी आणि घरोघरच्या गिऱ्हाइकांनी एवढं जरी मनावर घेतलं तरी घोडेगावच्या बाजारात त्याची कुजबुज होईल, असं मला मनापासून वाटतं. पन्नास-साठ मैलांवर उभं असलेलं झाड आपलं औषध आहे, मग त्याचं रोप आपली जबाबदारी का नसावी?

ती मात्र लगेच हो म्हणाली नाही.

ती : एकट्या आमच्या घराने फांदी राखली तर रानातल्या झाडावर दुसरा येऊन काढेल. त्याला तरी काय बोलणार, त्यालाही जून आहे. मालकीतल्या झाडाचं ठीक. रानातल्याचं सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं. दहा झाडांतलं एक सोडायचं की प्रत्येक झाडाचा शेंडा सोडायचा. शेंडा सोडला तर बरं, चढायचं वाचेल.

वैद्यकाका : हे मला सुचलंच नव्हतं. शेंडा सोडला तर बाई पडणार नाही आणि फळही पिकेल.

ती : पण शेंड्याची फळं डिसेंबरमध्ये काढायची कशी? तेव्हाही चढावं लागेल.

वैद्यकाका : काढायचीच नाहीत. पिकून पडतील ती वेचा. माझ्या पाण्याच्या परीक्षेत पास होतील तेवढी मला द्या, उरलेली तिथेच राहू द्या.

ती : म्हणजे तरंगणारी आमच्या माथी. मग भाव त्या हिशेबाने लावावा लागेल.

वैद्यकाका : लावू. ठरवणार कोण? सरपंच?

ती : ग्रामसभा. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायदा लागू आहे. २०१४ च्या नियमांनी गौण वनउपजाचं ग्रामसभेकडे दिलंय. अडचण एकच, सभा असतात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. १ मेला सगळं गाव झाडावर असतं. सभेला म्हातारे आणि ग्रामसेवक.

वैद्यकाका : मग हिरड्यासाठी वेगळी घ्या. मार्चमध्ये, झाडाला पालवी फुटायच्या आत. व्यापाऱ्याची उचल फेब्रुवारीत सुरू होते म्हणालीस ना? त्याच्याही आधी घ्या. मी येतो. उचल मीही देऊ शकतो, थोडी का होईना.

ती : येताना भाव कागदावर लिहून आणा. तोंडी बोललेलं लोक ऐकून घेतील आणि काठी उचलतील. आणि बाकीच्या वैद्यांच्या सह्या पण.

वैद्यकाका : किती लिहू ते सांग.

ती : आत्ता नाही सांगता येणार. बाळहिरड्याइतका किलोला नको, कारण फळ मोठं झालं की वजन वाढतं. पण गळ, कीड, वानरं आणि तुमचा तांब्या धरून हिशेब करावा लागेल. एका शेंड्याचा बाळहिरडा वाळून किती भरतो, ते आजवर कुणी वेगळं मोजलेलं नाही. या वर्षाचा हंगाम तर गेला. आईकडे गेल्या साली राखून ठेवलेलं एक पोतं आहे, झाडवार बांधलेलं. दिवाळीला जाईन तेव्हा वजन करून आणते, मग आकडा घालू.